जुनी जीप, अँबॅसिडर, फियाट ‘आहे तशी’ विकायची आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात गोठ्याशेजारी, वखारीत, बंद गिरणीच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या जुन्या गाड्या अजून निघतात. घेणारे बहुतेक कोल्हापूर, सांगली, पुणे नाहीतर गोव्याचे असतात. म्हणजे गाडी एका राज्यातली आणि गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यातलं. खालचे प्रश्न या भागातल्या विकणाऱ्यांकडून सतत येतात. एका उत्तरात आलेला मुद्दा पुन्हा न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमची गाडी प्रोजेक्ट म्हणून (म्हणजे घेणारा दुरुस्त करून पुन्हा उभी करेल अशी) विकली जाईल, की ती आता भंगारच?

तीन गोष्टी तपासा. चॅसी नंबर स्पष्ट वाचता येतो का? आरसी (गाडीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र) किंवा तिची जुनी पुस्तिका आहे का? आणि गाडी किती पूर्ण आहे, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, हौसिंग (अॅक्सलचं कवच), दरवाजे, बोनट, मीटर, काचा, बंपर जागेवर किंवा घरात कुठेतरी आहेत का? पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर इंजिन जाम आणि फ्लोअर सडलेला असला तरी गाडी प्रोजेक्ट म्हणून जाते. नंबर पुसलेला आणि कागदही नाहीत, अशी चकचकीत गाडीसुद्धा अडकते. कागद नसलेल्या गाडीसाठी प्रश्न १६ पाहा.

२. विकायच्या आधी डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं तर भाव वाढेल ना?

नाही. बहुतेक वेळा उतरतो. जाणकार गिऱ्हाईक खिशात लोहचुंबक घेऊनच येतो. पुट्टी जाड असली की चुंबक धरत नाही, आणि मग तो सगळ्याच गाडीवर संशय घेतो. गंज उघडा दिसला तर त्याचा खर्च मोजता येतो. नव्या रंगाखाली गेला की गिऱ्हाईक सर्वात वाईट धरून चालतो आणि तेवढे पैसे कापतो.

मूळ रंगाला स्वतःची किंमत असते. डिकीच्या आत, डॅशबोर्डच्या मागे, सीटखाली कंपनीचा रंग शिल्लक असेल तर रंगाची छटा जुळवायला तोच पुरावा लागतो. सीटचं फाटलेलं मूळ कापडसुद्धा फेकू नका, नव्या कापडाचा नमुना आणि शिलाईची ओळ त्यावरूनच काढतात.

३. मग काहीच करायचं नाही का?

करायचं, पण दुरुस्ती नव्हे. आधी धुळीसकट फोटो काढा. मग आतला कचरा, उंदरांची घरटी, ओलं गवत काढा आणि साध्या पाइपने हलक्या धारेत धुवा. प्रेशर पंप डिस्ट्रिब्युटर, वायरिंग आणि मीटरपासून लांब ठेवा. जुन्या वायरचं कापडी किंवा रबरी आवरण त्याने निघून येतं.

नंतर घर शोधा. हँडल मारायचा दांडा, जॅक, व्हील कॅप, लाइटच्या रिंगा, दरवाजाच्या चाव्या, काच वरखाली करायची हँडलं माळ्यावर किंवा कडब्याच्या खोलीत सापडतात. प्रत्येक भाग पिशवीत घालून चिठ्ठी लावा. मार्क १ (पहिल्या मॉडेलच्या) अँबॅसिडरचं खोलगट ठशाचं बोनट किंवा ‘डुक्कर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या फियाटची ट्रिम (सजावटीच्या पट्ट्या) नवी मिळत नाही, त्यामुळे असा एखादा भाग सापडला तर सौद्यात लगेच फरक पडतो.

आणि गाडी ढकलता आली पाहिजे. जुन्या का होईना, हवा धरणाऱ्या चार टायरांवर तिला उभी करा. ब्रेक ड्रम जाम असेल तर अॅडजस्टर मागे घ्या, व्हील सिलिंडरचा ब्लीड निपल सैल करून अडकलेला दाब सोडा, मग ड्रमच्या कडेला लाकडी ठोकळा धरून गोल फिरत ठोका. थेट घण घातला की बिडाचा ड्रम तडकतो.

४. इंजिन कित्येक वर्षं बंद आहे. चालू करून दाखवावं का?

मोकळं फिरतं एवढं दाखवलं तरी पुरे. घाईघाईने चालू करण्याच्या नादात चांगली इंजिनं फुटतात. सगळ्यात वाईट म्हणजे गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने टोचन करणं (दोरीने ओढणं): अडकलेली रिंग तुटते, आणि सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो.

पद्धत अशी. चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं, साधारण ५० मिली, सोडा. तीन ते सात दिवस थांबा. मग गाडी न्यूट्रलला ठेवून पुढच्या हँडलने हळू जोर द्या, पुढे थोडं, मागे थोडं. हललं तर पूर्ण दोन फेरे द्या. नाही हललं तर पुन्हा ऑइल घाला आणि थांबा. दांड्याला पाइप लावून ताकद वाढवू नका. तरीही हललं नाही तर जाहिरातीत ‘इंजिन जाम’ असं लिहा. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचं काम होतं, त्यामुळे जाम इंजिन हे मुरलेल्या गिऱ्हाईकाला भीतीचं कारण नसतं.

मोकळं फिरलं तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघा: सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्रत्येक सिलिंडरचं माप लिहून ठेवा. चारही मापं एकमेकांच्या १० ते १५ टक्क्यांच्या आत असली तर चांगलं. एखादं कमी असेल तर तिथे चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हा कागद गिऱ्हाईकाच्या हातात द्या.

तरीही चालू करायचंच असेल तर आधी ऑइल काढून बघा. पांढरट आलं तर पाणी शिरलंय, तिथेच थांबा. टाकीतलं जुनं पेट्रोल चिकट झालेलं असतं, म्हणून टाकीची लाइन सोडवून ताजं पेट्रोल वेगळ्या डब्यातून द्या आणि आग विझवायचं सिलिंडर जवळ ठेवा. बॅटरी लावण्याआधी तिचं कोणतं टोक बॉडीला जोडायचं (अर्थिंग) ते पाहा. लुकास डायनॅमोच्या काही जुन्या गाड्यांत प्लस बॉडीला असतो, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली विलीज जीप ६ व्होल्टची आहे.

५. पत्रा नेमका कुठे तपासायचा? गिऱ्हाईक कुठे बघणार?

गाडी कुठे उभी होती त्यावर बरंच ठरतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात उभी असलेली गाडी खालून वर सडते. अथणीकडच्या कोरड्या उन्हात पत्रा टिकतो, पण रबर, वायरिंग, सीट आणि स्टीअरिंगचं प्लास्टिक तडकतं. गोठ्यातल्या गाडीचं सगळ्यात वाईट, कारण गोमूत्र आणि शेणाचा ओलावा चॅसीच्या खालच्या अंगाला आणि पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) टोकांना खातो.

जीपला वेगळी चॅसी आहे, त्यामुळे बॉडी सडली तरी गाडी वाचते. बघायचं ते असं: पाट्यांचे हँगर, मागचा क्रॉस मेंबर (चॅसीचा आडवा दांडा), स्टीअरिंग बॉक्स बसतो तिथल्या चिरा, आणि फ्लोअरखालच्या आडव्या पट्ट्या. युद्धकाळातल्या मूळ जीपमध्ये पेट्रोलची टाकी ड्रायव्हर सीटखाली, फ्लोअरच्या खोलगट भागात बसते. त्या खळग्यात पाणी साचतं, म्हणून टाकी उचलूनच बघा. चॅसीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजा. फरक दिसला तर गाडी कधीतरी धडकलेली आहे.

अँबॅसिडर आणि फियाटला वेगळी चॅसी नाही, बॉडीच भार घेते. दरवाजाखालचे बॉक्स, पेडलजवळचा फ्लोअर, डिकीचा तळ आणि मागच्या पाट्यांचे हँगर इथे छोट्या स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. अँबॅसिडरला पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या) आहेत, त्यांच्या मागच्या टोकाची जागा सडली असेल तर काम मोठं निघतं. एक सोपी तपासणी: दरवाजाखालच्या बॉक्सला ठोकळा लावून एक बाजू जॅकवर उचला आणि तो दरवाजा उघडून बंद करा. आधी नीट बसणारा दरवाजा आता घासू लागला तर बॉक्समधली ताकद गेलेली आहे. हे सापडलं तर लपवू नका, फोटो काढा.

६. चॅसी नंबर, इंजिन नंबर आरसीशी जुळलेच पाहिजेत का?

चॅसी नंबर अक्षरन् अक्षर जुळलाच पाहिजे. अमेरिकेत जुन्या मसल कारची (ताकदवान इंजिनच्या गाडीची) किंमत मूळ इंजिन-गिअरबॉक्सच्या नंबरांवर ठरते. आपल्याकडेही जुन्या जीपच्या बाबतीत हळूहळू तसंच होत आहे, पण चॅसी नंबर हा आधी कायद्याचा प्रश्न आहे.

युद्धकाळातल्या विलीजला हा नंबर पुढच्या डाव्या चॅसीच्या आतल्या बाजूला पट्टीवर असतो, फोर्डने बनवलेल्या जीपला डाव्या चॅसीवर वरून ठोकलेला असतो. नंबर दिसत नसेल तर ग्राइंडर किंवा वायर ब्रशचं मशीन लावू नका. रॉकेल आणि कापडाने साफ करा, खडू चोळा आणि कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या. अशी छाप पुढे फॉर्मवरही लागते. नंबर पुन्हा ठोकून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तो गुन्हा आहे.

इंजिन बदललेलं असणं चालतं, पण बदल आरसीवर नोंदलेला हवा.

७. जीपमध्ये डिझेल इंजिन टाकलंय, आरसीवर मात्र पेट्रोल आहे. काय करायचं?

या भागातल्या निम्म्याअधिक चौकशा याच मुद्द्यावर अडतात. पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल बसवलं, नोंद केली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल परवानगीने आणि आरसीवर नोंदवूनच करायचा असतो. विकताना दोन मार्ग. मूळ पेट्रोल इंजिन कुठे पडलेलं असेल तर ते गाडीसोबत द्या, जाम असलं तरी. नसेल तर जाहिरातीत आणि करारात हा फरक सरळ लिहा. ५० वर्षांवरच्या गाडीसाठी याचा आणखी एक परिणाम आहे, प्रश्न १३ पाहा.

८. किंमत कशी ठरवायची?

खालची हद्द आधी काढा: वजन गुणिले भंगाराचा त्या दिवसाचा भाव. अँबॅसिडर साधारण ११०० किलो, पद्मिनी (फियाटचं नंतरचं नाव) ९०० च्या आसपास, जीप १००० च्या आसपास. याखाली कोणालाही द्यायची नाही.

वरची हद्द म्हणजे तशीच गाडी पूर्ण तयार, कागद चालू अशी कितीला जाते ती रक्कम. त्यातून पत्रा, इंजिन, क्रोम, रबर, वायरिंग, सीट आणि कागदांचा खर्च वजा करा. समजा तयार गाडी ६ लाखांची आणि खर्च साडेतीन लाखांचा. उरले अडीच. घेणारा जोखीम आणि दोन वर्षांच्या मेहनतीचे म्हणून त्यातलेही काही कापणारच, आणि ते रास्त आहे. समाजमाध्यमांवर दिसणारे भाव हे मागितलेले असतात, मिळालेले नव्हेत. अपूर्ण गाडीला मोठी कात्री लागते, कारण भाग शोधण्यात जाणाऱ्या वेळेचा हिशेब कोणालाच धरता येत नाही.

९. जाहिरातीत काय लिहावं, फोटो कोणते?

मॉडेल, साल, इंधन, आरसीची मुदत, गाडी कोणाच्या नावावर, इंजिन फिरतं की जाम, काय नाही, गंज कुठे. ‘थोडं काम आहे’ असं लिहू नका. चारही कोपऱ्यांतून, खालून, इंजिन, डॅशबोर्ड, डिकी, फ्लोअर आणि प्रत्येक सडलेली जागा: वीस-पंचवीस फोटो दिवसाच्या उजेडात. चॅसी नंबर आणि आरसीचा पूर्ण फोटो उघड टाकू नका, भेटीला येणाऱ्यालाच दाखवा.

१०. आरसीची मुदत संपलीय, गाडी चालत नाही आणि घेणारा कोल्हापूरचा आहे. नावावर कशी होणार?

सर्वात अवघड प्रश्न हाच. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर फॉर्म २५ वर दर वेळी ५ वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी गाडी तपासणीला चालत्या स्थितीत न्यावी लागते. २० वर्षांवरच्या हलक्या मोटारीचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये आहे, उशिराचा आकार वेगळा.

कागद चालू असतील तर क्रम सरळ आहे: फॉर्म २८ वर एनओसी म्हणजे ना-हरकत दाखला (चॅसीची पेन्सिल छाप, टॅक्स भरल्याची पावती, गाडीवर पोलीस केस नसल्याची खातरजमा), फॉर्म २९ आणि ३० वर मालकी हस्तांतर, आणि पलीकडे फॉर्म २७ वर नवा नंबर. अर्ज कोणत्या कार्यालयात करायचा ते आरसीवरचा शिक्का बघून ठरवा. आज चिकोडीचा केए-२३, बैलहोंगलचा केए-२४, गोकाकचा केए-४९ असला तरी जुन्या गाडीची मूळ नोंद बेळगावच्या केए-२२ कार्यालयात असू शकते.

मुदत संपलेली असेल तर गाडी तयार होऊन नूतनीकरण होईपर्यंत ती तुमच्याच नावावर राहते. इथे सावध राहा. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं आहे की गाडी विकलेली असली तरी नोंदीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. करारपत्र तुम्हाला त्यातून सोडवत नाही. त्याच्या आधारे नंतर घेणाऱ्याकडून वसुली करता येते, एवढंच.

म्हणून तीन गोष्टी करा. गाडी टोचन न करता ट्रकसारख्या दुसऱ्या गाडीवर चढवूनच द्या. फॉर्म २९ भरून आरटीओत द्या आणि पोच जपून ठेवा. आणि किमतीशिवाय वेगळी अनामत घ्या, नाव बदलल्यावर परत करायची. अनामत पडून असली की घेणारा कागदांचं काम रेंगाळत ठेवत नाही. तो गाडी तयार करून नूतनीकरणासाठी बेळगावला परत आणणार हेही आधीच ठरवा, सह्या तुमच्याच लागणार आहेत.

११. गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर आहे, ते वारले.

आधी वारसाच्या नावावर, मग विक्री. फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, नाडकचेरीतून (कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयातून) घेतलेला वंशवृक्ष आणि बाकी वारसांची संमती. लग्न होऊन बाहेर गेलेल्या बहिणींच्या सह्यासुद्धा. त्या राहिल्या की सौदा शेवटच्या टप्प्यावर मोडतो. दोन पिढ्या गेल्या असतील तर साखळी दोन्ही पिढ्यांची लागते.

१२. आरसीची जुनी पुस्तिका आहे, पण ऑनलाइन गाडी दिसतच नाही.

जुन्या हस्तलिखित नोंदी ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत आपोआप आलेल्या नाहीत. मूळ पुस्तिका दाखवून आरटीओत बॅकलॉग नोंद (जुनी नोंद संगणकात चढवणं) करून घ्यावी लागते. हे गिऱ्हाईक येण्याच्या आधी करा. बेळगाव ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात, नंतर म्हैसूर राज्यात, आणि १९७३ पासून राज्याचं नाव कर्नाटक. त्यामुळे एकाच पुस्तिकेत तीन वेगवेगळ्या नावांचे शिक्के सापडू शकतात. ते सगळे मूळ इतिहासाचे पुरावे आहेत. पुस्तिका लॅमिनेट करू नका, पानं सुटी करू नका. पुस्तिका हरवली असेल तर पोलिसांची पोच घेऊन फॉर्म २६ वर दुय्यम प्रत.

पुस्तिकेवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा दिसत असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५ लागतो. संस्था बंद पडली असेल तर तिच्या अवसायकाकडून (बंद संस्थेचा कारभार आवरणाऱ्या अधिकाऱ्याकडून) पत्र मिळवा.

१३. गाडी ५० वर्षांची झाली. व्हिंटेज नोंदणी करून विकू का?

जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, खासगी वापराची, आणि चॅसी, बॉडी, इंजिनमध्ये मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज ठरते. नवी नोंदणी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, नंतर ५,००० रुपये. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, आणि जुन्या नंबरवर जीव असणाऱ्यांना हेच महत्त्वाचं वाटतं. उलट बाजू अशी की अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, इंधन-देखभाल अशा कामांना. डिझेल बसवलेली जीप यात अडकते. न दुरुस्त केलेली गाडी विकणाऱ्याने यात पडू नये. हा निर्णय घेणाऱ्याचा आहे, तुम्ही पहिल्या नोंदणीची तारीख पुराव्यासह द्या.

१४. इसार, पैसे आणि करारपत्र यांचं कसं करावं?

इसार घेतल्यावर पावतीवर बाकी रकमेची तारीख घाला आणि ती उलटली तर काय, तेही लिहा. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे, हप्त्यांत तोडूनही नाही. ‘पैसे पाठवतो, कोड स्कॅन करा’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या. पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही.

करारपत्र स्टँपवर, नोटरीसमोर, दोन साक्षीदारांसह. त्यात चॅसी-इंजिन नंबर, ‘आहे त्या स्थितीत, न चालणारी’ हे शब्द, सापडलेले दोष, सोबत दिलेल्या भागांची यादी, ताब्याची तारीख आणि वेळ, आणि नूतनीकरणापर्यंत रस्त्यावर न चालवण्याची अट. भाषेचाही विचार करा: इथल्या कार्यालयात कन्नड किंवा इंग्रजी, पलीकडे मराठी. इंग्रजीत केलेला करार दोन्हीकडे वाचला जातो, मात्र सही करण्याआधी तो दोघांनाही मराठीत समजावून घ्या.

१५. गाडी न्यायची कशी? टोचन करून चालेल का?

नको. प्रश्न १० मधलं कारण आहेच, शिवाय चोर्ला किंवा आंबोली घाटात ब्रेक नसलेली गाडी दोरीवर म्हणजे जिवाशी खेळ. चढवताना साखळी चॅसीला किंवा हौसिंगला बांधा, बंपरला नव्हे. सुटी काच आणि दिवे आधी काढून वेगळ्या पेटीत. सोबत आरसीची प्रत, करारपत्र आणि विकणाऱ्याचं पत्र द्या. राज्याच्या सीमेवर कोगनोळीला कोणी थांबवलं तर तेच विचारतात. पावसाळ्यात उघड्या गाडीवर न्यायची असेल तर कार्ब्युरेटर आणि प्लगची भोकं कापडाने बंद करा.

१६. मिलिटरीच्या लिलावातली जीप आहे, किंवा कागदच नाहीत. विकता येईल?

लिलावात विकल्याचं लष्कराचं पत्र असेल आणि पुढे आरटीओत नोंद झालेली असेल तर ती साध्या गाडीसारखीच. नुसतं पत्र असेल तर ते मूळ जपा, नोंदणीचा आधार तोच आहे. काहीच नसेल तर गाडी रस्त्यासाठी म्हणून विकू नका, फक्त सुट्या भागांसाठी विका आणि करारात तसं लिहा. कलम ५५ खाली नोंदणी रद्द झालेली गाडीही याच वर्गात येते. तिची चॅसी दुसऱ्या आरसीवर बसवण्यासाठी कोणी मागत असेल तर सौदा तिथेच संपवा.

१७. सुटे भाग वेगळे विकले तर जास्त पैसे येतील का?

मीटर, कार्ब्युरेटर, स्टीअरिंग पटकन जातात आणि उरलेलं धूड भंगाराच्या भावाने. दोन्हींची बेरीज पूर्ण गाडीपेक्षा क्वचितच जास्त भरते. कागद चांगले असलेली गाडी तोडू नका.

१८. आमच्याकडे डॉज किंवा शेवरले आहे, पन्नासच्या दशकातली. नियम तेच?

कागदांचे नियम तेच. फरक इंजिनात पडतो. या सहा सिलिंडरच्या पेट्रोल गाड्यांत पुढे पर्किन्स कंपनीचं डिझेल इंजिन बसवलेलं बऱ्याचदा दिसतं, म्हणून प्रश्न ७ आधी वाचा. क्रोमचा एकही तुकडा, वाकडा असला तरी, भंगारात देऊ नका. वाकडा सरळ होतो, नसलेला परदेशातून मागवावा लागतो. आणि अशा गाडीला पहिल्या आठवड्यात आलेल्या गिऱ्हाईकाला हो म्हणू नका. घेणारे मोजके असले तरी ते लांबून येतात, आणि खालून काढलेले फोटो बघितल्याशिवाय निघत नाहीत.